‘फाईल इन यूज’ : डिलीट न होणारी फाईल कोण धरून बसलंय, ते आधी शोधा

सेवा केंद्रात दिवसभरात शंभर कागद स्कॅन होतात. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सोयाबीनच्या पीक विम्याच्या पावत्या. संध्याकाळी मशीनवरून ते सगळं काढून टाकायला बसलं की नेमक्या दोन-चार फायली अडतात. ‘फाईल इन यूज’ अशी चौकट येते, खाली ‘ट्राय अगेन’ आणि ‘कॅन्सल’. ‘ट्राय अगेन’ दहा वेळा दाबून काही होत नाही. मग कुणी सांगतं फॉरमॅट मारा, कुणी सांगतं जाऊ द्या, राहू द्या. लोकांची आधारची प्रत सार्वजनिक मशीनवर राहू देणं बरोबर नाही, आणि एका फायलीपायी फॉरमॅट मारायचीही गरज नाही.

खाली दिलेल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं टाकायची.

आधी चौकट नीट वाचा. घाईत सगळ्या चौकटी सारख्याच दिसतात, पण त्यांची दुखणी वेगळी असतात. ‘फाईल इन यूज’ किंवा ‘ओपन इन अनदर प्रोग्राम’ म्हणजे एखादा चालू प्रोग्राम ती फाईल धरून आहे. विंडोजच्या भाषेत ही चूक क्रमांक 32. ‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ‘यू नीड परमिशन’ म्हणजे चूक क्रमांक 5. ती बहुतेक वेळा परवानगीची भानगड असते, तिथे प्रोग्राम शोधत बसू नका. ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ आलं तर पेनड्राइव्ह किंवा डिस्कच्या नोंदी बिघडल्या आहेत. आणि ‘कुड नॉट फाइंड धिस आयटम’ आलं, तर गडबड फायलीच्या नावात असते.

फाईल अशी धरून ठेवणं म्हणजे तिला लावलेलं कुलूपच. हे कुलूप फायलीत नसतं, डिस्कवरही नसतं. प्रोग्राम फाईल उघडतो तेव्हा विंडोजला सांगतो, माझं काम होईपर्यंत दुसऱ्याला ही पुसू देऊ नको. विंडोज तशी नोंद रॅममध्ये ठेवते. प्रोग्राम बंद झाला की नोंद गेली, लाईन गेली तरी नोंद गेली. म्हणून भारनियमनानंतर मशीन परत चालू केलं आणि फाईल तरीही ‘इन यूज’ दाखवते, तर जुनं कुलूप राहिलं असं समजू नका. मशीन चालू होताच आपोआप सुरू होणारं काहीतरी ती फाईल नव्याने धरतंय. तपास तिथूनच करायचा.

पहिली दोन मिनिटं

बऱ्याच वेळा फाईल धरणारा विंडोजचा स्वतःचा एक्स्प्लोररच असतो. फोल्डरच्या उजव्या बाजूला फायलीचं चित्र दाखवणारा प्रीव्ह्यू पेन उघडा असेल, तर तुम्ही निवडलेली पीडीएफ किंवा व्हिडिओ तोच उघडून बसतो. ऑल्ट आणि पी एकत्र दाबा, पेन बंद होईल. मग दुसऱ्या फायलीवर क्लिक करून परत या आणि डिलीट करा.

तेवढ्याने झालं नाही तर टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप). विंडोज एक्स्प्लोररवर उजवं क्लिक करून रीस्टार्ट द्या. खालची पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते, घाबरू नका. विंडोज 7 मध्ये रीस्टार्टचं बटण नाही. तिथे प्रोसेसेसच्या यादीतून एक्स्प्लोरर बंद करायचा, मग फाईल मेन्यूतल्या न्यू टास्कमध्ये एक्स्प्लोरर टाइप करून एंटर मारायचं.

त्याच यादीत खाली एक्सेल किंवा वर्ड दिसतंय का बघा. खिडकी एकही उघडी नाही, पण प्रोग्राम पार्श्वभूमीत चालूच, असं फार होतं. विशेषतः दुसऱ्या सॉफ्टवेअरने रिपोर्ट काढायला एक्सेल उघडलं आणि मधेच अडकलं तर. असं मोकाट एक्सेल एंड टास्कने बंद केलं तरी चालतं, मात्र आधी कुणाची न जपलेली शीट उघडी नाही ना, याची खात्री करा.

फाईल नाही, फोल्डरच डिलीट होत नसेल, तर काळी कमांडची खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी आहे का तेही पाहा. आत एकही फाईल नसली तरी तेवढ्यावर फोल्डर अडतं.

नाव शोधून काढायचं

अंदाजाने एकेक प्रोग्राम बंद करत बसण्यापेक्षा विंडोजलाच विचारलेलं बरं. त्यासाठी बाहेरचं काही उतरवून घ्यायला नको. रिसोर्स मॉनिटर विंडोज 7, 10, 11 तिन्हींत आहे.

विंडोजचं बटण आणि आर दाबा, रेसमॉन (आर-ई-एस-एम-ओ-एन) टाका, एंटर. वरच्या सीपीयू टॅबवर जा. खाली ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाची पट्टी आहे, ती उघडा. तिच्या उजव्या कोपऱ्यात शोधायची चौकट आहे, तिथे फायलीच्या नावाचा एखादा तुकडा टाका आणि थोडं थांबा. जुन्या मशीनवर, 2 किंवा 4 जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असेल तर यादी यायला वेळ लागतो. डाव्या रकान्यात प्रोग्रामचं नाव येतं, शेजारी त्याचा पीआयडी क्रमांक.

काय नाव आलं त्यावर पुढचं ठरतं. पीडीएफ वाचणारा, ब्राउझर, फोटो बघायचा प्रोग्राम आला तर तो नेहमीसारखा बंद करा. अँटीव्हायरस किंवा विंडोजचा शोध-सूचीवाला आला तर पाच मिनिटं थांबा, तपासणी झाली की ते स्वतःहून सोडतात. बोटाच्या ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम आला, आणि फाईल त्याच्याच लॉगची असेल, तर विंडोज व आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका, यादीत ती सर्व्हिस शोधून स्टॉप करा, फाईल काढा आणि लगेच स्टार्ट करा. स्टार्ट करायचं राहिलं तर सकाळी पहिल्याच माणसाचा ठसा लागणार नाही, आणि दोष यंत्राला दिला जाईल.

नाव ‘सिस्टिम’ आणि पीआयडी 4 असं आलं तर त्याला हात लावू नका. तो विंडोजचा गाभा आहे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत दोन-तीन मशीन एकमेकांना जोडलेली असतील, तर याचा अर्थ अनेकदा असा असतो की शेजारच्या मशीनवर कुणीतरी तुमच्या शेअर फोल्डरमधली ती फाईल उघडली आहे. एफएसएमजीएमटी डॉट एमएससी टाकून ‘ओपन फाइल्स’ उघडा. तिथे फाईल आणि कोणत्या खात्यातून उघडली ते दिसतं. उजव्या क्लिकने ‘क्लोज ओपन फाईल’ देता येतं, पण आधी उठून शेजारच्या मॅडमना विचारा. त्या अर्धवट शीट भरत असतील तर त्यांचं काम जाईल.

विंडोज 10 किंवा 11 असेल आणि हा त्रास रोजचाच असेल, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज बसवून घ्या. त्यातलं फाईल लॉकस्मिथ फायलीवरच्या उजव्या क्लिकमध्ये येतं आणि धरणाऱ्यांची यादी समोर ठेवतं. जुन्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस एक्स्प्लोरर घ्या. त्यात कंट्रोल आणि एफ दाबून नाव शोधता येतं. ‘अनलॉकर’ अशा नावाची साधनं भलत्यासलत्या साइटवरून उतरवू नका. त्यांच्यासोबत जाहिरातींचा कचरा येतो, आणि या मशीनवर लोकांचे बँकेचे व्यवहार होतात.

एक विचित्र प्रकारही दिसतो. डिलीट मारलं, चूक आली नाही, पण फाईल जागीच दिसते आणि उघडायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. म्हणजे डिलीट मंजूर झालं आहे, शेवटच्या प्रोग्रामने हात सोडायची वाट आहे. परवानग्या बदलत बसू नका. तो प्रोग्राम बंद झाला की फाईल आपोआप जाते.

बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट

या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, आणि निम्मा गोंधळ इथेच आहे. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शटडाऊन दिलं की तुमचे उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस जशाच्या तशा डिस्कवर साठवल्या जातात आणि सकाळी तशाच परत उचलल्या जातात. एखादी सर्व्हिस फाईल धरून असेल तर शटडाऊननंतरही ती धरूनच राहते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणून ‘काल बंद करून आज चालू केलं तरी जात नाही’ अशी तक्रार असेल, तर एकदा रीस्टार्ट देऊन बघा.

फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं असेल तर कमांडची खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ व एच, जागा, ऑफ असं टाका. याने सी ड्राइव्हवरची हायबरफिल डॉट सिस ही मोठी फाईलही जाते. पुष्कळ जण जागा करायला ती हाताने डिलीट करायला बघतात आणि ‘इन यूज’ येतं. ती अशीच जाते. 128 जीबीच्या छोट्या एसएसडीवर तेवढी जागा कामाची ठरते. मशीन चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, आणि हायबरनेट वापरत असाल तर ती सोयही जाईल.

अडकलेली प्रिंट

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हाच. प्रिंटरच्या रांगेत एक काम ‘डिलीटिंग’ असं दाखवत तासन्‌तास बसून राहतं. त्याच्यामागे बाकीच्या सगळ्या प्रिंट थांबतात आणि बाहेर माणसं उभी.

कारण साधं आहे. मशीन यूपीएसवर असतं, प्रिंटर नसतो. लाईन गेली की प्रिंटर कागद अर्धा ओढलेला असतानाच मरतो, मशीन मात्र चालू राहतं. विंडोजचा स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस, प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहत ते काम धरून ठेवतो. लेझर प्रिंटर 600 व्हीएच्या यूपीएसवर लावणं हा त्यावर उपाय नव्हे. त्याचा आतला हीटर तापताना काहीशे वॅट ओढतो, कधी हजाराच्या जवळ जातो, आणि तो यूपीएस साधारण 360 वॅटचाच असतो. यूपीएस बंद पडेल आणि मशीनही जाईल.

अडकलेलं काम असं काढायचं. प्रिंटर बंद करा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीत ‘नेट स्टॉप स्पूलर’ टाका. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम 32, स्पूल, प्रिंटर्स या वाटेने जा. परवानगी मागेल, कंटिन्यू द्या. आत एसपीएल आणि एसएचडी शेपटाच्या फायली दिसतील. त्या काढा, ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर मात्र राहू द्या. स्पूलर चालू असताना याच फायली ‘इन यूज’ म्हणतात, बंद केला की निमूट जातात. मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’, आणि शेवटी प्रिंटर चालू. रांगेतली सगळीच कामं जातात, त्यामुळे कुणाची प्रिंट राहिली होती ते आधी कागदावर लिहून ठेवा.

लाईन गेल्यावर नवी प्रिंट देऊ नका. आल्यावर आधी प्रिंटरचा हिरवा दिवा स्थिर होऊ द्या. आणि यूएसबीची वायर दरवेळी त्याच खाचेत लावा. खाच बदलली की विंडोज कधी कधी ‘कॉपी 1’ नावाचा दुसरा प्रिंटर बनवते, आणि तुमची प्रिंट जुन्याच्या नावावर थांबून राहते.

पेनड्राइव्ह

‘डिव्हाइस इज करंटली इन यूज’ आलं की लोक पेनड्राइव्ह ओढून काढतात. त्याआधी रिसोर्स मॉनिटरच्या त्याच चौकटीत पेनड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाकून बघा. किंवा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. कर्नल पीएनपीची 225 क्रमांकाची नोंद शोधा. कोणत्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह सोडला नाही त्याचं नाव आणि जागा तिथे लिहिलेली असते.

पेनड्राइव्हवरची फोल्डरं जाऊन त्यांच्या जागी शॉर्टकट आले असतील, आणि एक व्हीबीएस (म्हणजे स्क्रिप्टची) फाईल डिलीट केली की लगेच परत येत असेल, तर तो शॉर्टकट व्हायरस आहे. शाळा, झेरॉक्स सेंटर, तहसील असा फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर हा हमखास सापडतो. इथे क्रम चुकला की सगळं वाया जातं, कारण स्क्रिप्ट मशीनवर चालू आहे तोपर्यंत ती फाईल पुन्हा बनवत राहते.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये (विंडोज 7 मध्ये प्रोसेसेसमध्ये) डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई शोधा आणि बंद करा. एकाहून जास्त असतील तर सगळे. मग विंडोज व आर दाबून शेल कोलन स्टार्टअप टाका, तिथे अनोळखी शॉर्टकट किंवा व्हीबीएस असेल तर काढा. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅबही बघा. टेम्प फोल्डरमध्ये मूळ फाईल असते, ती आता निघेल. विंडोज 10 आणि 11 मध्ये यानंतर डिफेंडरची ऑफलाईन तपासणी लावा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं घेते, तेवढ्यात लाईन जाणार नाही अशी वेळ निवडा.

मशीन साफ झाल्यावरच पेनड्राइव्ह लावा. कशावरही दोनदा क्लिक करू नका. कमांड खिडकीत पेनड्राइव्हचं अक्षर व कोलन टाकून तिथे जा आणि ही आज्ञा द्या: ॲट्रिब, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, तिरकी रेघ एस, जागा, तिरकी रेघ डी. लपवलेली फोल्डरं दिसू लागतील. कधी सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सरकवलेला असतो. तो ‘रिकामा’ समजून उडवू नका. आधी आतलं सगळं मशीनवर उतरवा, मग शॉर्टकट आणि व्हीबीएस डिलीट करा. फॉरमॅटची घाई केली तर कुणाच्या तरी मुलाची कागदपत्रं जातात.

कुलूप नसतानाही अडतं तेव्हा

वर्डची फाईल ‘दुसऱ्या वापरकर्त्याने उघडली आहे’ असं लाईन गेल्यानंतर म्हणू लागली, तर तो वेगळा प्रकार. वर्ड आणि एक्सेल फाईल उघडताना शेजारी एक छोटी लपलेली फाईल बनवतात. तिचं नाव लाटेसारख्या टिल्ड चिन्हाने आणि डॉलरने सुरू होतं. नीट बंद केलं तर ती पुसली जाते, वीज गेली तर डिस्कवर तशीच राहते. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा, सगळीकडचं वर्ड बंद असल्याची खात्री करा आणि फक्त ती छोटी फाईल काढा.

‘ॲक्सेस डिनाइड’ बहुधा फॉरमॅटनंतर येतं. विंडोज नव्याने टाकली, डी ड्राइव्हवरची जुनी फोल्डरं तशीच राहिली. नाव तेच ठेवलं तरी नव्या विंडोजसाठी तुम्ही नवे वापरकर्ते असता, जुना मालक आता अस्तित्वात नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ओनरपुढचं चेंज, तिथे आपलं खातं टाका आणि आतल्या सगळ्यांना लागू करायच्या चौकटीत खूण करा. मग परत याच जागी येऊन स्वतःला फुल कंट्रोल द्या. हे आपल्या डेटाच्या फोल्डरपुरतंच. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरवर हा प्रयोग केला तर मशीन बिघडतं. ‘विंडोज डॉट ओल्ड’ काढायचं असेल तर डिस्क क्लीनअपमधून काढा.

मराठी नावांचा एक त्रास मात्र फार कुणी सांगत नाही. विंडोजच्या जुन्या नियमाप्रमाणे ड्राइव्हच्या अक्षरापासून फायलीच्या शेवटापर्यंतची सगळी वाट 260 चिन्हांच्या आत लागते. ‘ग्रामपंचायत’ आपल्याला सहा अक्षरांचं दिसतं, पण विंडोज काना, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजते, आणि ती अकरा चिन्हं होतात. योजनेचं नाव, आत वर्ष, आत गाव, आत लाभार्थ्याचं पूर्ण नाव अशी फोल्डरं केली की मर्यादा सहज ओलांडते. दुसऱ्या मशीनवरून शेअरच्या वाटेने फाईल टाकताना वाट आखूड असते म्हणून बसते, आपल्या मशीनवरून पुसताना लांब पडते. उपाय सोपा. सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव बदलून एक अक्षर करा, मग त्याच्या आतल्याचं, आणि मग डिलीट.

फायलीच्या नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा राहिली असेल तर ‘कुड नॉट फाइंड’ येतं. कमांड खिडकीत डेल लिहून, अवतरण चिन्हांत दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह, एक उलटी रेघ आणि त्यापुढे पूर्ण वाट जशीच्या तशी दिली की ती जाते.

‘करप्टेड’वाल्या पेनड्राइव्हवरून वाचतं तेवढं आधी उतरवून घ्या. मग चेकडिस्क (सी-एच-के-डी-एस-के), जागा, ड्राइव्हचं अक्षर व कोलन, जागा, तिरकी रेघ व एफ.

तरीही नाही निघाली

सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस चालू असतात, त्यामुळे धरणारा बहुतेक गैरहजर असतो. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट द्या, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग 4 दाबा. विंडोज 7 मध्ये चालू होताना एफ 8. ज्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे तिथे ही वाट 48 आकड्यांची रिकव्हरी की मागू शकते. ती जवळ नसेल तर पुढे जाऊ नका.

दुसरी वाट सिसइंटर्नल्सच्या मूव्हफाईलची. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत मूव्हफाईल, मग अवतरणात फायलीची वाट, मग नुसती रिकामी अवतरण चिन्हं. विंडोज ही नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी कुठलाही प्रोग्राम जागा व्हायच्या आत फाईल पुसते. इथेही रीस्टार्टच द्यायचं, शटडाऊन नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटा फायली, एमडीएफ आणि एलडीएफ शेपटाच्या, यांच्यावर यातलं काहीही वापरू नका. त्या ‘इन यूज’ आहेत कारण दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशेब त्यांच्यात चालू आहे. ते सॉफ्टवेअर खरंच नको असेल तर आधी बॅकअप घ्या, मग कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा. फायली त्यानंतर हाताने निघतात.